नवस तिचा, पाय माझे

माझ्या अंगावरून वारं गेलं ते उन्हाळ्याच्या तोंडाला. आमच्याकडं लकवा फारसं कुणी म्हणत नाही, वारं गेलं म्हणतात. ऐकायला किती हलकं वाटतं. जाताना ते डावा हात, डावा पाय आणि ओठाचा डावा कोपरा सोबत घेऊन गेलं. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तोवर ओठ जागेवर आला होता, हातही बराचसा आला होता. तोंड तर पहिल्या आठवड्यातच पूर्ववत सुरू झालं, आणि याचा घरच्यांना आनंद झाला की धसका बसला हे मला अजून कळलेलं नाही. पाय तेवढा राहिला.

मी शाळेतली बाई. माकणीच्या अलीकडं, तेरणेच्या धरणाचं पाणी जिथवर येतं तिथं आमचं गाव आहे. गावच्याच शाळेत उभी हयात काढली आणि नुकतीच रिटायर झाले होते. सगळं गाव मला बाई म्हणतं. नवराही बाईच म्हणतो. लग्नाच्या वेळी चेष्टेनं सुरुवात झाली असेल, पुढं तेच नाव पडलं. मी त्यांना मालक म्हणते. तशी पद्धत आहे म्हणून म्हणते, घरात मालकी कुणाची चालते ते गावाला ठाऊक आहे. ते शेती बघतात. बोलणं कमी. दोघांचं मिळून जेवढं बोलायचं तेवढं मीच बोलून घेते, असं माझी नणंद म्हणते.

घरी आल्यावर मला मधल्या खोलीत खाट टाकून दिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय येईल, पण त्याला चालवावं लागेल. रोज उठा, वॉकर धरा, अंगणात फेऱ्या मारा, कंटाळू नका. जितकं चालाल तितकं चालता येईल. मी मान हलवली आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. पाय टेकवला तरी खाली जमीन आहे की नाही हे त्या पायाला कळत नव्हतं. तो माझा वाटतच नव्हता. सगळ्या आयुष्यात मी कधी कुणाच्या आधारानं उभी राहिले नव्हते, आणि आता उठून बसायलाही हाका माराव्या लागायच्या. दाराकडं तोंड केलं की येणारा-जाणारा डोकावून 'बाई, कसं काय?' विचारायचा. भिंत काही विचारत नाही.

भेटायला येणारे सगळे मला धीर द्यायचे. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता बाप्ये झालीत, ती मोबाईलवर गुलाबाच्या फुलासकट सुविचार पाठवायला लागली. 'इच्छा तिथे मार्ग.' 'प्रयत्नांती परमेश्वर.' आता गंमत बघा, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज सकाळी सुविचार लिहिण्याचं काम शाळेत माझ्याकडंच होतं. हीच वाक्यं मी रंगीत खडूनं, खाली नक्षी काढून लिहिली होती. माझंच पाप माझ्या पदरात पडत होतं. इच्छा तिथे मार्ग, बरोबर आहे, पण इच्छा कुठून आणायची हे मी कुठल्या पोराला कधी शिकवलं नव्हतं. कारण मलाच ते माहीत नव्हतं.

पुण्याहून पोरगा आला, त्यानं माझ्या फोनात पावलं मोजायचं काहीतरी घालून दिलं. ठरलेली पावलं झाली की फोन टाळ्या वाजवायचा. तिकडं पुण्यात त्यालाही दिसायचं म्हणे. एक दिवस मी तो फोन मालकांच्या खिशात घालून त्यांना शेताकडं पाठवून दिलं. संध्याकाळी पोराचा फोन, 'आई, आज तर तू कमालच केलीस.' त्याचा आवाज इतका आनंदला होता की माझ्यानं खरं सांगवेना. मग फोन कपाटात गेला.

आणि मग अक्का आली.

अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. तिला दिलंय उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर, त्यामुळं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. माझी सेवा करायला म्हणून आली ती मुक्कामच ठोकून राहिली. रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून माझा पाय चोळायची आणि कानडीत मोजायची, 'वंदु, येरडु, मूरु...' हाताला असा जोर की पायाला काही कळत नसलं तरी मला कळायचं. मनानं सोन्यासारखी बाई, पण एक खोड. हिला प्रत्येक गोष्टीवर एकच औषध माहीत, नवस.

आल्या आल्या चार दिवसांत ती अणदूरला खंडोबाला जाऊन आली. माझ्या कपाळाला भंडारा लावला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "बोलून आले बग देवाला."

"काय बोललात?"

"ह्या येळवशीला आंबिलाची बिंदगी तुज्याच डोस्क्यावर जाईल. घरापासनं शेतापतुर. पायी."

"आणि तुम्ही काय करणार?"

"म्या? म्या नवस बोलले की."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. इकडच्या दोन-तीन जिल्ह्यांबाहेर कुणाला हा सण माहीत नसतो आणि आम्हाला याच्याइतका मोठा सण दुसरा नसतो. मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे आपापल्या शेतात. ज्वारी पोटरीला आलेली, हरभरा घाटे धरायच्या बेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढं पाच-सहा भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबवलेली आंबील. ही आंबील न्यायचं मातीचं मडकं म्हणजे बिंदगी. आता सगळं जीपगाडीतून, ट्रॅक्टरमधून जातं. पण आमच्या घरी बिंदगी घरच्या बाईच्या डोक्यावर पायीच जाते आणि मध्ये कुठं टेकवायची नसते. सासूबाईंनी नेली, त्यांच्यामागं मी नेली. शाळेला सुट्टी पडो न पडो, त्या दिवशी मी रजा टाकायचे.

तर नवस तिचा आणि पाय माझे. शिवाय अक्कानं हे नळावर, देवळात, गिरणीत सगळीकडं सांगून टाकलं. मी नाही चालले तर खंडोबाचं देणं माझ्या डोक्यावर, आणि गावापुढं अक्काचं तोंड खाली. मला असा संताप आला. मी म्हटलं, "अक्का, मला विचारायचं तरी होतं." ती म्हणाली, "तू न्हाय म्हनाली असतीस की." मी परत भिंतीकडं तोंड केलं आणि हट्टानं चार-सहा दिवस वॉकरला हातसुद्धा लावला नाही.

आता चहाचं सांगते.

आमचे मालक म्हणजे चहाबाज माणूस. जेवण नसलं तरी चालेल. पहाटे उठले की चहा, दूध काढून आले की चहा, शेतातून आले की चहा, पाहुणा आला की चहा आणि तो गेला की बरं झालं गेला म्हणून चहा. त्यातला सकाळचा चहा आमच्या दोघांचा. मी गॅसपाशी, आणि ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये म्हणून सासूबाई ओरडायच्या, अक्का अजून ओरडते, पण ते तिथंच बसणार, चौकटीला पाठ टेकून, समोर मी. मी दोन कप भरायचे आणि दिवसभरातलं आमचं जे काही बोलणं असेल ते त्या दोन कपांत उरकायचं. नंतर मला शाळा, त्यांना शेत. काय बोलायचो विचाराल तर काही नाही. म्हैस, पोरगं, कुणाचं लग्न, पाऊस कुठवर आला. पण ते चुकलं की दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

पावसाळ्यातली दुपार होती. अक्का देवळात गेलेली. मधल्या खोलीत मला दूध उतू गेल्याचा वास आला. दोन हाका मारल्या, कुणी ओ देईना. उभ्या जन्मात मी दूध उतू जाऊ दिलं नव्हतं. कशी उठले, वॉकर कधी धरला, मला आठवत नाही. भिंतीला घासत घासत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत मालक होते, हाका मारल्या तेव्हा गोठ्यात असावेत. दूध त्यांनी उतरवून ठेवलं होतं आणि एका कपात चहा गाळत होते. एकच कप. पातेल्यात खाली थेंब नव्हता.

मला दारात बघून त्यांचा हातच थांबला. मी म्हटलं, "तुमचा कुठंय?"

"म्या पिलो मघाशी," ते म्हणाले.

हे मी गेले कित्येक महिने ऐकत होते. कप माझ्या हातात द्यायचे, म्हणायचे म्या पिलो मघाशी, आणि जायचे. मला कधी शंका आली नव्हती. पण आता ओट्यावर दुसरा कप नव्हता, मोरीत नव्हता, कुठंच नव्हता. तो फळीवर पालथा पडला होता आणि त्याच्या बुडावर धूळ बसली होती.

संध्याकाळी अक्काला विचारलं. तिनं आधी दाराबाहेर डोकावून बघितलं.

"हळू बोल. सोडलाय त्यानं."

"कधीपासून?"

"तू दवाखान्यातनं आलीस तवापासनं. शेतातबी घेत न्हाय, लोकाच्या घरीबी न्हाय. तू चालत शेतात येईस्तोवर सोडला असंल."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, असं सांगत्यात व्हय? आन तूबी इचारू नगंस. सोडलेल्या वस्तूचा नवस झाकून ठिवायचा असतो. इचारला की बाद."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडं एखाद्यानं काही खायचं सोडलं की लोक समजून घेतात. कुणी गूळ सोडतं, कुणी वांगं सोडतं, कुणी पायातली चप्पल सोडतं. देवाला काय मागितलंय ते त्याचं त्याला माहीत, आपण विचारायचं नाही. उगाच आग्रह करून त्याचा नवस मोडायचा नाही. म्हणजे सगळ्या गावानं त्यांना चहा विचारायचं बंद केलं होतं आणि एक माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी भिंतीकडं तोंड करून रडले. इतकी रडले की उशी पालटून घ्यावी लागली. माझ्या एका पायापायी त्या माणसाचं एकुलतं सुख गेलं होतं आणि तो मला रोज कप आणून देत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी फेऱ्या सुरू केल्या. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. दात-ओठ खाऊन. पाय उचलला की मनात म्हणायचे, चहा. टेकवला की म्हणायचे, चहा. तुम्हाला वाटेल, झालं, आता बाई धावायला लागल्या. तसं होत नाही. कुणाच्या उपकाराखाली दबून माणूस दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी ते ओझंच होतं. पाऊल चुकलं की मला त्यांचा चेहरा दिसायचा आणि मी आणखी चुकायचे. आठवडा भरायच्या आत मी अंगणाच्या मधोमध आपटले. वॉकर एकीकडं, मी एकीकडं.

मालक गोठ्यातून आले. मला वाटलं धावत येऊन उचलतील, अक्काला हाका मारतील. त्यांनी आधी कुठं लागलं का ते बघितलं, मग माझ्याशेजारी खाली मातीत मांडी घालून बसले. आभाळ भरून आलं होतं. आम्ही दोघं भर अंगणात असे बसलो होतो की बघणाऱ्याला वाटावं, भुईमुगाच्या शेंगा निवडतोय.

थोड्या वेळानं म्हणाले, "कुठं निघाली हुतीस?"

"कुठं म्हणजे? फेऱ्या मारत होते."

"ते दिसलं. पन कुठं जायचं हुतं?"

"कुठं नाही."

त्यांनी वॉकर ओढून जवळ घेतला. मग म्हणाले, "पाय कुठंतरी जायला असत्यात, बाई. निस्तं हिकडनं तिकडं जनावरबी जात न्हाय. पान्याकडं जातंय न्हायतर चाऱ्याकडं."

मला राग आला. म्हटलं, "मग मी कुठं जाऊ? सांगा की."

"मला काय म्हाईत. तुजं तुला."

मग त्यांनी मला बगलेत हात घालून उठवलं आणि खाटेवर नेऊन सोडलं. मी पडून पडून विचार करत राहिले. मला कुठं जायचं होतं? अगदी मला? देवाला नाही, अक्काला नाही, पोराला नाही, मालकांच्या चहाकडंही नाही. आणि लाजेची गोष्ट सांगते, पण सांगते. मला संडासला जायचं होतं. एकटीला. अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात आमचा संडास, आणि इतके महिने दरवेळी मला कुणालातरी हाक मारावी लागत होती. कधी अक्का, कधी मालक. हाक मारायच्या आधी मी किती वेळ कळ काढायचे हे माझं मला माहीत. या सगळ्या दुखण्यात मला सगळ्यात जास्त काय हवं होतं, तर ती एक हाक मारावी लागू नये.

हे काही फळ्यावर लिहिण्यासारखं ध्येय नव्हे. पण ते माझं होतं, बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले ते कुणाला न सांगता उठले. वॉकर टाकत, दोनदा थांबत, तुळशीपाशी दम खात गेले. आत जाऊन कडी लावली. ती कडी लावल्याचा आवाज मला अजून आठवतो. बाहेर अक्का 'वैनी, वैनी' म्हणून घरभर शोधत होती आणि मी मुद्दाम ओ दिली नाही.

तिथून पुढं मला युक्ती सापडली. फेऱ्या मारायच्या नाहीत, कुठंतरी जायचं. आणि जिथं मला खरोखर जावंसं वाटतं तिथंच जायचं, मग ते कारण कितीका हलकं असेना. माझ्याकडं चांगल्या कारणांची वानवा होती, पण भोचकपणा भरपूर होता. शेजाऱ्यानं घराला कसला तरी भडक रंग दिलाय असं अक्का सांगायची, तो बघायला मी फाटकापर्यंत गेले. जांभळा होता, चालणं वसूल झालं. नळावर दोन जावांचं भांडण लागलं, आवाज नीट ऐकू येईना म्हणून कोपऱ्यापर्यंत गेले. मी पोचेस्तोवर भांडण मिटलं, मला इतकं वाईट वाटलं. माझ्या जागी शाळेत नवीन बाई आल्या होत्या, त्या पाढे कसे घेतात ते ऐकायला शाळेच्या भिंतीपर्यंत गेले. चांगले घेत होत्या. तरी घरी आल्यावर मालकांना म्हटलं, जरा घाई करते पोरगी.

असं सरळ चढत गेलं असंही समजू नका. श्रावणात एकदा असा कंटाळा आला की आठ-दहा दिवस मी नुसती पडून होते, कुठलाच भोचकपणा कामाला येईना. मग मालक एक दिवस नुसतं म्हणाले, "शेजारणीनं काकडीचा वेल चढवलाय भितीवर, लई लागल्यात." काकडी मला फार आवडते. मी उठले. वॉकर सुटून काठी आली तेव्हा पोळा होऊन गेला होता. दिवाळीत मी गिरणीपर्यंत जाऊन आले आणि वाटेत तीन घरी बसले.

मालकांनी अजून चहा घेतला नव्हता. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं ना.

येळवस आली. पोरगा-सून पुण्याहून गाडी घेऊन आले. अक्कानं बिंदगीला चुना-काव लावून तिला नवरीसारखी सजवली होती. मी आधीपासून डोक्यावर चुंबळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात सराव केला होता. पोरगा म्हणाला, "आई, गाडीत बस. शेवटी थोडं चाल. देवाला काय कळतंय?"

अक्का म्हणाली, "देवाला न्हाय कळत. गावाला कळतंय."

मी म्हटलं, "मला कळतंय." आणि निघाले.

उजव्या हातात काठी, डावा हात वर मडक्याला. पुढं अक्का, मागं मालक. थंडी होती, ऊन आमच्या पाठीमागून येत होतं. गाव सुटेपर्यंत मी तोऱ्यात होते, ट्रॅक्टरमधून जाणारी माणसं हात करत होती. पाटाच्या पुलापर्यंतही ठीक गेलं. पूल ओलांडला आणि काळ्या रानातली वाट लागली, तिथं माझा डावा हात थकला. तो हळूहळू खाली यायला लागला. मी त्याला वर न्यायचे, तो खाली यायचा. बिंदगी कलली आणि थोडी आंबील माझ्या कानामागून मानेवर उतरली. गार. टेकवायची नसते. काठी सोडली तर मी पडणार, हात सोडला तर बिंदगी पडणार. मला वाटलं, झालं. एवढं सगळं करून इथं झालं.

आणि मडकं एकदम हलकं झालं. म्हणजे ओझं तेवढंच होतं, पण डुलायचं थांबलं. मला मान वळवता येत नव्हती. मी खाली बघितलं. पुढं वाटेवर आमची सावली पडली होती, लांबच लांब. त्यात माझं डोकं होतं, डोक्यावर बिंदगी होती आणि बिंदगीला मागून लागलेला एक हात होता. तो मला लागत नव्हता. नुसता मडक्याला होता.

बांध येईपर्यंत मी रस्ता बघितला नाही, ती सावलीच बघत चालले.

कोपीपाशी अक्कानं मागं वळून बघितलं. "अरं, हात लावलास व्हय रे?"

"बिंदगीला लावला," मालक म्हणाले. "बाईला न्हाय."

अक्का जरा विचारात पडली. मग तिनं भंडाऱ्याची चिमूट काढली, माझ्या कपाळाला लावली, भावाच्या कपाळाला लावली आणि म्हणाली, "हात लावायचा न्हाय असं म्या देवाला बोललेच नव्हते." बिंदगी पांडवांपुढं टेकली आणि नवस फिटला.

पूजा झाली. पोरगा ज्वारीच्या पानानं आंबील शिंपडत रानातून फिरून आला. मग मी पिशवीतून पातेलं काढलं. दूध, साखर, चहा मी घरूनच बांधून घेतला होता आणि फळीवरचे दोन्ही कप धुऊन आणले होते. तीन दगडांवर चहा ठेवला. उकळला, गाळला आणि पहिला कप मालकांच्या हातात दिला. अक्कानं देवापुढं जोडावेत तसे हात जोडले. सून फोटो काढायला लागली. मालकांनी कप बघितला, मग आम्हा सगळ्यांकडं बघितलं.

"काय झालं सगळ्यास्नी?"

मी म्हटलं, "घ्या. फिटला तुमचा नवस."

"कसला नवस?"

"चहाचा. सोडला होतात ना."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "म्या कुठं नवस बोललो? नवस अक्का बोलती. म्या कदी बोललोय का?"

अक्काचे जोडलेले हात तसेच राहिले. मी म्हटलं, "मग घेत का नव्हता इतके दिवस?"

त्यांनी कप खाली दगडावर ठेवला. त्यांना बोलायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी मध्ये बोलले नाही.

"दवाखान्यातनं तुला आनली, त्या सकाळी केला हुता दोगांचा. उंबऱ्यावर बसलो. समोर कुनी न्हाय. घोट घेतला तर नरड्याखाली उतरंना. ओतून दिला. मग एकच करायला लागलो, तुजा." थोडं थांबून म्हणाले, "आन लोकं पुढं चा इचारंनात. मला वाटलं, बरंय."

"अहो, मग माझ्याजवळ येऊन बसायचं होतं. खाटेपाशी. तिथं प्यायचा होता."

"आलो हुतो की," ते म्हणाले. "कप घिऊन दोनदा आलो हुतो. तू भितीकडं तोंड करून असायचीस."

ज्वारीत वारं सुटलं होतं. माझ्या तोंडाला, जे तोंड कधी बंद पडलेलं कुणी बघितलं नव्हतं, त्याला काही सुचेना. आधी मला त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, पण पोरगा-सून समोर होते आणि आंबिलीनं मान चिकट झाली होती.

मी दुसरा कप भरला. अक्का म्हणाली, "वैनी, थांब, खुर्ची आनायला सांगते गाडीतली." मी नको म्हटलं. काठी बांधाला लावली आणि दगडाचा आधार घेत घेत, त्यांच्या समोर, खाली मातीत बसले. दुखण्यानंतर मी स्वतःहून जमिनीवर बसले नव्हते. त्यांनी कप उचलला, मी उचलला. म्हैस आटायला आलीय, असं ते म्हणाले. मी म्हटलं, हो का.

आता परत उठायचं कसं, ते चहा झाल्यावर बघणार होतो.